मुरबाडच्या माजघरातला तिसरा खांब

मुरबाडच्या जुन्या पेठेत एक दुमजली लाकडी घर आहे. एके काळी ते भाताच्या एका व्यापाऱ्याचे होते, आता तिथे छोटे संग्रहालय आहे. ते पाहायला लांबून फारसे कोणी जात नाही. मी गेले, आणि जाताना माझी इच्छा एवढीच होती की ते घर उभे असावे.

कारण आधी सांगते. माझे यजमान सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी या घराच्या दुरुस्तीवर देखरेख करण्याचे काम घेतले आणि सात महिने मुरबाडला खोली घेऊन राहिले. मी पारनेरजवळच्या आमच्या गावी शाळेचे ग्रंथालय सांभाळत होते. ‘पावसाळ्यात ये, हा भाग बघण्यासारखा असतो,’ असे ते पत्रात लिहायचे. काम संपून ते घरी परतले तरी माझे जाणे झाले नाही. त्यानंतर तिसऱ्या वर्षी त्यांना कावीळ झाली. नगरच्या दवाखान्यात शेवटचे दोन दिवस ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा बोलत होते. ‘माजघरातला तिसरा खांब मी उलटा उभा केला. सुतार नको म्हणत होता, मी ऐकले नाही. वर शाळेची पोरे चढतात. तू जाऊन बघ.’

मी ‘जाते’ म्हणाले, आणि नऊ महिने गेले नाही.

वर्ष झाल्याशिवाय एकटीने परगावी जाऊ नये, असे नणंद म्हणाली. मला ते सोयीचे वाटले. मी ग्रंथालयातली बांधकामाची दोन पुस्तके काढून वाचली. कोणते लाकूड किती भार घेते, वाळवी कशी रोखावी, सगळे त्यांत होते. खांबाचे कोणते टोक खाली असावे याबद्दल एक ओळही नव्हती. रोज सकाळी वर्तमानपत्र मी जिल्ह्यांच्या बातम्यांच्या पानापासून उघडायचे आणि मुरबाड हा शब्द शोधायचे. तो नसला की त्या दिवसापुरते बरे वाटायचे. मार्गशीर्षात आमच्या शाळेत सहलीची सूचना फिरली. मी तिच्यावर सही केली आणि माझ्या लक्षात आले की आता सगळ्याच शाळांच्या सहली निघतील. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

वैशाखरे

आळेफाट्याला गाडी बदलली. माळशेजचा घाट मी डोळे मिटून उतरले, त्यामुळे त्याचे वर्णन माझ्याकडे नाही. शेजारच्या बाई दरी दाखवत होत्या, मी मान हलवत होते. खाली वैशाखऱ्याला आलो तेव्हा ब्रेक तापल्याचा जळका वास सुटला होता. कंडक्टरने सगळ्यांना उतरवले आणि अर्धा तास चहा प्या म्हणाला.

टपरीवर एक म्हातारी चहा करत होती. माझा चेहरा बघून तिने न मागता साखर जास्त घातली. “घाट उतरली ना बाय, आता कशाला घाबरतेस गो?” ती म्हणाली. मी म्हटले, घाटाला नाही घाबरत. तिला ते पटले नाही. माझ्याकडे बोट करून तिने दुसऱ्या गिऱ्हाइकाला काहीतरी सांगितले आणि दोघेही हसले.

टपरीमागे तिचे घर होते. एका बाजूच्या भिंतीचा गिलावा पावसात धुऊन गेला होता आणि आतल्या कारवीच्या काठ्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. आमच्याकडे घरे दगडामातीची, वर मातीचे सपाट धाबे. भिंत गेली तर घर गेले. म्हणून मी तिला विचारले की असे पडके घर धोक्याचे नाही का. ती पुन्हा हसली. भिंत नुसती आडोशाला असते, दर दोन पावसांनी ती नवी लिंपायची, असे तिने समजावले. कौले, माळा, माणसे, सगळे लाकडावर.

“भित जाऊदे गो,” ती म्हणाली. “खांब नाय गेला पायजे.”

उरलेला चहा मला गेला नाही.

मुरबाड

हे ज्यांच्याकडे राहत त्या शांताबाईंकडेच मी उतरले. त्या अंगणवाडीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढे ताजी झेंडूची फुले, आणि कपाटात पुस्तके. पुस्तके दिसल्यावर मी जरा सैलावले. त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे वाढले. आमच्या बाजरीच्या भाकरीला दात लागतात, ही नुसती जिभेवर विरघळते.

“साहेबांनी पयल्यांदा खाल्ली तवा म्हणाले, शांताबाई, ही भाकरी नाय, कागद हाय,” त्यांनी सांगितले. “मग रोज पाच कागद खायचे.”

मला हसू आले. नऊ महिन्यांत त्यांच्याबद्दल कोणी हसून बोलले नव्हते. पण पुढे शांताबाई सहज बोलून गेल्या की शेवटच्या महिन्यात साहेब बाहेरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, पेठेत काही झाले नाही ना. त्यांना वाटे साहेब चोऱ्यांबद्दल विचारतात. म्हणजे तेव्हापासूनच ती भीती त्यांच्या पोटात होती, आणि घरी आल्यावर तीन वर्षे ते माझ्यासमोर वर्तमानपत्र वाचत बसत. तेही कोणते पान आधी उघडत होते, हे मी कधी पाहिलेच नाही.

सकाळी शांताबाईंनी पेठेच्या तोंडापर्यंत सोडले. दोन्ही बाजूंना शटरची दुकाने, मधेच हे घर. रस्त्यालगत उंच जोते, त्यावर ओटी, वर माडीच्या लाकडी कठड्याची रांग, आणि उतरते कौलारू छप्पर. घर उभे होते. मी समोरच्या भांड्यांच्या दुकानापाशी थांबून ते कुठे कलले आहे का ते बघत राहिले. शेवटी दुकानदाराने काय पाहिजे म्हणून विचारले, तेव्हा रस्ता ओलांडला.

दारात देखरेख करणारे दामूभाऊ बसले होते. साठीचे, इस्त्रीचा सदरा, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी मला चपला काढायला लावल्या आणि पाटीकडे बोट केले: वस्तूंना हात लावू नये. घरात बघण्यासारखे पुष्कळ आहे. पावसात पाठीवर घेऊन लावणी करायची इरली, भात मोजायच्या पायल्या, बांबूचे मासे धरायचे सापळे, व्यापाऱ्याची बैठी मेजे. प्रत्येकापुढे सुरेख अक्षरात चिठ्ठी. ते अक्षर दामूभाऊंचे, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. मी मान हलवत पुढे सरकत होते. मला माजघरात जायचे होते, आणि जायचे नव्हते.

माजघर अंधारे आणि गार होते. दोन ओळींत सहा खांब, त्यांवर आडव्या जाड तुळया, आणि तुळयांवर माडीच्या जमिनीच्या फळ्या. पाच खांब काळे पडलेले. तिसरा तेवढा तांबूस, नवा. मी ह्यांचा ओळंबा, दोरीला बांधलेले वजन, बरोबर नेला होता. दामूभाऊंची पाठ वळल्यावर खांबाला धरला. दोरी आणि खांब अगदी समांतर. पण सरळ खांबही उलटा असू शकतो. मग खाली पाहिले. प्रत्येक खांब एका घडीव दगडावर, तळखड्यावर, उभा होता. या खांबाखाली मात्र दोन दगड होते, एकावर एक. खांब खचला असणार आणि कोणीतरी टेकू दिला असणार, असे मला वाटले. वर पाहिले तर खांबाचे डोके आणि तुळई यांच्यामध्ये काळी फट होती. एका लाकडी पाचरेने ती अर्धवट भरलेली होती. उरलेल्या फटीत करंगळी गेली असती.

त्याच वेळी बाहेर सहलीची गाडी थांबली.

निळ्या गणवेशातली चाळीसेक मुले होती. माडीवर एका वेळी दहाजण अशी पाटी जिन्याशी होती. पण त्यांच्या गुरुजींना अजून दोन ठिकाणे गाठायची होती, म्हणून दामूभाऊंनी सगळ्यांना एकदम सोडले. मी खाली खांबाशीच उभी राहिले. आधी पावलांचा आवाज जिन्यावर, मग डोक्यावर. मग मुले खिडकीकडे धावली असावीत. फळ्यांमधून धुळीची बारीक रेघ खाली आली आणि माझ्या डोळ्यांसमोर ती फट मिटली. मुले दुसऱ्या बाजूला पळाली तशी पुन्हा उघडली. मिटली, उघडली. आवाज काहीच नाही.

मी आयुष्यभर ग्रंथालयात हळू बोलत आले. ओरडणे मला येत नव्हते. ओटीवर चालत गेले आणि दामूभाऊंना म्हणाले, “मुलांना खाली घ्या. एकेकाला, न धावता.”

ते गुरुजींशी गप्पा मारत होते. “का वो?”

“तो नवा खांब चुकीचा लावलाय. माझ्या यजमानांनी लावलाय. मरताना ते मला सांगून गेलेत.”

हे मी दहाबारा माणसांसमोर बोलले. बोलून झाल्यावर कळले की त्यांचे नाव आता या पेठेत याच वाक्यासाठी राहील. गुरुजी आधी गोंधळले, मग चटकन जिना चढून गेले. मुले कुरकुरत खाली आली. शेवटचा मुलगा ओटीवर पोचला. काहीही पडले नाही. गुरुजींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांची सहल नासवली, आणि गाडी निघून गेली.

दामूभाऊ रागावले नव्हते, दुखावले होते. “साहेब देवमाणूस. त्यांच्या कामाला तुमीच नाव ठेवता?” ते म्हणाले. पण त्यांनी जिन्याला आडवी दोरी बांधली. सुताराने बघितल्याशिवाय ती सोडणार नाही म्हणाले, आणि सुताराचा पत्ता दिला. काळूराम मिस्त्री, सापगाव. देताना जरा अडखळले, ते मला तेव्हा कळले नाही.

सापगाव

शहापूरच्या जीपमध्ये मी दोन कोंबड्या आणि एका शिलाई मशीनच्या मधे बसले. चालकाने माझी पिशवी टपावर टाकली आणि ती सापगावला उतरवायला विसरला. जीपमागे धावत दोन माणसांनी ती मिळवून दिली. एरवी या गोष्टीने मी दिवसभर हादरलेली असते. त्या दिवशी पिशवी शहापूरला गेली असती तरी चालले असते.

काळूराम मिस्त्री अंगणात दाराची चौकट तासत होते. सत्तरीकडे झुकलेले, डोक्यावर पांढरी टोपी, बंडीच्या खिशात खडू. ओव्हरसियरसाहेबांची बायको म्हटल्यावर त्यांनी वाकस खाली ठेवली आणि विचारले, साहेब कसे हायेत. त्यांना कोणी कळवलेच नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. सुनेने चहा आणला.

मी खांबाचे विचारले. तो उलटा आहे म्हणजे काय, आणि तो पडेल का.

त्यांनी आधी पद्धत सांगितली. झाड जसे उभे होते तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, शेंडा वर. त्यांच्या बापाने तसे केले, आज्याने तसे केले. शेंडा जमिनीत गेला की लाकूड पाणी ओढते, असे ते मानतात. त्या खांबाच्या बुंध्याला चीर होती. साहेब म्हणाले, चिरलेले टोक वर घाला, तिथे ओल पोचत नाही. मिस्त्री नको म्हणाले. चार कामगारांसमोर शब्दाला शब्द वाढला. शेवटी साहेबांनी त्या टोकावर खडूने ‘वर’ असे लिहिले, खांब असाच उभा राहील म्हणाले, आणि दोन दिवसांसाठी ठाण्याला गेले.

“मग तुम्ही तो तसा उभा केलात,” मी म्हणाले.

“नाय.”

मला वाटले त्यांना प्रश्न कळला नाही.

“नाय केला, ताई. बुंधा खालीच हाय. चिरलेला भाग कापून टाकला. खांब आखूड पडला, म्हणून खाली एक दगड वाढवला. आनि खडू पुसून दुसऱ्या टोकाला ‘वर’ लिवलं.” ते माझ्याकडे बघत नव्हते. “साहेब आले. वरती अंधारात खडू तेवढा दिसला, खालचा दगड मी ओलीसाठी म्हनालो. काय बोलले नाय.”

“त्यांना सांगितलं का नाही?”

“चार मानसांत साहेबांचा शबुद व्हता. तो कसा पाडू? वाटलं, काम झाल्यावर सांगू. मग काम झालं, साहेबांनी मला शाल दिली. शाल घेऊन कुठल्या तोंडानं सांगू?”

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे काही झाले नाही. राग आला, आणि तो कोणावर ते कळेना. नसलेल्या चुकीपायी एक माणूस तीन वर्षे वर्तमानपत्राची पाने उलटत बसला, आणि जाताना तीच चूक माझ्या हातात देऊन गेला. या अंगणातले एक वाक्य, एक पोस्टकार्ड पुरले असते.

“साहेबांना कधी कळलं का वो?” त्यांनी विचारले. “मी फसवलं म्हनून काय बोलले?”

त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी उत्तर देण्याऐवजी फटीबद्दल सांगितले. करंगळीएवढी आहे आणि वर कोणी चालले की मिटते. तेव्हा मात्र त्यांनी झटकन मान वर केली.

“मिटते? हलते ती?”

त्यांनी चहाची बशी तशीच ठेवली. नवे लाकूड वाळताना आकसते, आणि पाच-सहा पाऊस दरवर्षी पाचर ठोकून बसवावी लागते, असे ते हत्यारे गोळा करताना सांगत होते. पहिल्या दिवाळीनंतर त्यांनी ती ठोकली होती. पुढच्या दोन्ही वर्षी ते हातोडा घेऊन गेले तर दामूभाऊंनी दारातूनच परत पाठवले. आता हे संग्रहालय आहे, ठोकाठोक चालायची नाही.

“मी केलेला खांब, आनि मलाच पाटी दाखवतो,” ते म्हणाले. मी विचारले, पाचर सुटली असती तर काय झाले असते. त्यांनी पिशवीचे तोंड बांधले आणि जीप कधी आहे ते सुनेला विचारले.

पुन्हा मुरबाड

दामूभाऊंनी आम्हाला येताना पाहिले आणि काही न बोलता दार उघडले. मिस्त्री ओटीवर थांबले, पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, “हात लावू का आता, मालक? का चिठ्ठी लिवून देतोस?” दामूभाऊ म्हणाले, गप, काम कर.

माजघरात लाकडी घोडा लावून मिस्त्री वर चढले. पाचरेला त्यांनी नुसते बोट लावले आणि ती त्यांच्या तळहातावर पडली. ठोकायची, उपटायची गरजच नव्हती. ती हातात धरून त्यांनी दामूभाऊंना दाखवली. दामूभाऊ खांबापासून दोन पावले मागे सरले आणि भिंतीला टेकून बसले.

“मग साहेब चुकले नव्हते तर,” थोड्या वेळाने ते म्हणाले. ओटीवरून आत येतानाच मिस्त्रींनी त्यांना सगळे सांगितले होते.

“साहेब चुकले व्हते,” मिस्त्री म्हणाले. “खांब नाय चुकला.”

नवी पाचर त्यांनी तिथेच तासली, दोनदा घालून पाहिली, पुन्हा तासली. मग म्हणाले की शेवटचे ठोके वर भार असताना मारायचे असतात. रिकाम्या माडीखाली बसवलेली पाचर माणूस चढून उतरला की सैल होते. कोणीतरी वर, बरोबर खांबाच्या डोक्यावर उभे राहायला पाहिजे. दामूभाऊ आपल्या पायांकडे बघू लागले. दोष त्यांना देता येणार नाही, ती पडलेली पाचर त्यांनीही पाहिली होती.

मी दोरी ओलांडली आणि जिना चढले.

माडी उजेडाची होती, खिडकीतून पेठेतला आवाज येत होता. फळ्या रुंद, पायांनी गुळगुळीत झालेल्या. मी भिंतीच्या कडेने गेले. मधे जायचे म्हणजे त्या काळ्या फटीवर जायचे होते. पावलांच्या आवाजावरून मिस्त्रींनी मला खालून हाताला धरल्यासारखे आणले. आणखी पुढे या, खिळ्यांची जोडी दिसेल, तिथे थांबा. मी थांबले.

पहिला ठोका तळपायातून दातांपर्यंत आला. फळी किंचित वर उचलल्यासारखी झाली.

“लागला का पायाला?”

“लागला.”

दुसरा, तिसरा. प्रत्येक ठोक्याला जमीन पायाखाली घट्ट होत होती. तरी माझी भीती जात नव्हती. सापगावला जे मी तोंडावर बोलू शकले नव्हते ते आता मधे फळ्या होत्या म्हणून बोलले.

“मिस्त्री, साहेबांना कळलं नव्हतं. तुम्हाला ते काही बोलले नाहीत. खांब उलटाच आहे असं समजून ते गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.”

खालचा आवाज थांबला. दामूभाऊ खाकरले. पेठेत कोणीतरी शटर ओढले. मला वाटले मिस्त्री हातोडा ठेवून निघून गेले, आणि मी त्या अर्ध्या बसलेल्या पाचरेवर एकटी उभी आहे.

मग त्यांचा आवाज आला, आधीपेक्षा खालचा. “ताई, जरा डाव्या अंगाला सरा. भार सारखा पडंना.”

मी डावीकडे सरले. ते ठोकत राहिले. बराच वेळ ते बास म्हणाले नाहीत, आणि मीही विचारले नाही.